मोनालचं आडनाव : कोलकात्यातले पाच दिवस

या प्रवासाची सुरुवात एका पक्ष्यापासून झाली. गेल्या मे महिन्यात चोपत्याहून तुंगनाथला चढताना समोरच्या धारेवर मोनाल दिसला. हिरवा, जांभळा, तांब्याच्या घंगाळ्यासारखा चमकणारा. हिला पक्ष्यांचं वेड आहे, मला नाही. पण त्या पक्ष्यापुढे मीही दम खात उभा राहिलो. वाटाड्या पोरगा हुशार होता. त्याने शास्त्रीय नावही सांगितलं, ‘लोफोफोरस इम्पेजानस’. हिने ते वहीत उतरवलं आणि विचारलं, “अहो, हे इम्पेजानस म्हणजे काय असेल?” मी ठोकून दिलं, एखाद्या डोंगराचं नाव असेल.

खोलीवर येऊन शोधलं तर डोंगर नव्हता, माणूस होता. त्यातही न्यायाधीश! सर एलायजा इम्पी, कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश. मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं काढली, कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून बाहेर पडलो. इतक्या न्यायाधीशांच्या हाताखाली काम केलं, पण एकाचंही नाव पक्ष्याला दिलेलं ऐकलं नाही. मग वाचत गेलो. जितकं वाचलं तितका हा माणूस हातातून निसटत गेला. कुणी म्हणतं खुनी, कुणी म्हणतं बिचारा. जानेवारीत हिला म्हटलं, चल, कोलकात्याला जाऊन येऊ. ती म्हणाली, “तुमचा न्यायाधीश, माझी संदेश मिठाई.” ठरलं.

पहिला दिवस, शनिवार

पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने दोन रात्री. गाडीत दुसरं काम नव्हतं, म्हणून हिला इम्पीची कुंडली सांगितली. जन्म १७३२, लंडनजवळच्या हॅमरस्मिथचा. शाळा वेस्टमिन्स्टर. त्याच शाळेत, त्याच वर्षांत वॉरन हेस्टिंग्ज. पुढे केंब्रिज, वकिली. १७७३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराला वेसण घालायला रेग्युलेटिंग ॲक्ट केला आणि त्यातून कलकत्त्याला दोन गोष्टी आल्या. पाच जणांचं कौन्सिल, ज्याचा प्रमुख गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज. आणि राजाचं सुप्रीम कोर्ट, ज्याचा प्रमुख इम्पी. पगार वर्षाला ८,००० पौंड. हाताखाली तीन न्यायाधीश : चेंबर्स, लेमेस्टर आणि हाइड.

“म्हणजे वर्गमित्रच,” ही म्हणाली. इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे, हे तिला गाडी नागपूर सोडायच्या आत कळलं. ते मला वाचून कळायला दोन महिने लागले होते.

हावड्याला उतरून पिवळ्या टॅक्सीने पूल ओलांडला. खोलीवर सामान टाकलं, आंघोळी उरकल्या, लुची आणि आलूर दम पोटात गेलं आणि आम्ही डलहौसीला गेलो. आताचं नाव बिनय-बादल-दिनेश बाग, पण कंडक्टरपासून चहावाल्यापर्यंत सगळे अजून डलहौसीच म्हणतात. चौकाच्या ईशान्य कोपऱ्यावर, लालबाजारच्या तोंडाशी सेंट अँड्र्यूज चर्च आहे. पांढरं, उंच सुळक्याचं. ते उघडलं १८१८ साली. पण त्याआधी याच जागी जुनं कोर्ट हाउस होतं. १७९२ मध्ये ते पाडलं. त्या इमारतीची आठवण म्हणून रस्त्याला ओल्ड कोर्ट हाउस स्ट्रीट नाव राहिलं होतं, आता तेही बदललं आहे.

नंदकुमारचा खटला इथे चालला. चर्चच्या कुंपणाशी उभं राहून मी तो हिला सांगितला. बसचे भोंगे इतके, की निम्मं पुन्हा सांगावं लागलं.

महाराजा नंदकुमार म्हणजे बंगालच्या जुन्या दरबारातलं बडं प्रस्थ. ब्राह्मण, वय सत्तरीच्या घरात, मूळ बीरभूमचा. त्याचं आणि हेस्टिंग्जचं जुनं हाडवैर. नवं कौन्सिल आलं तेव्हा क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस हे तिघे हेस्टिंग्जच्या विरोधात एकवटले. तीन विरुद्ध दोन. नंदकुमारने वारा ओळखला. ११ मार्च १७७५ रोजी फ्रान्सिसने त्याचं पत्र कौन्सिलपुढे ठेवलं. आरोप असा, की हेस्टिंग्जने नेमणुका देताना नवाब मीर जाफरची विधवा मुन्नी बेगम हिच्याकडून आणि खुद्द नंदकुमारकडून साडेतीन लाखांवर रुपये घेतले. गव्हर्नर जनरलवर लाच घेतल्याचा आरोप!

आणि ६ मे रोजी अटक झाली ती नंदकुमारला. गुन्हा बनावट दस्तऐवजाचा. बुलाकीदास नावाच्या सावकाराने आपल्याकडे ठेवलेल्या जवाहिरापोटी सुमारे ४८ हजार रुपये देणं कबूल केलं, असा १७६५ चा रोखा नंदकुमारकडे होता. बुलाकीदास मेल्यावर त्याच्या वारसांच्या कारभाऱ्यांकडून ती रक्कम वसूलही झाली होती. मोहनप्रसाद नावाच्या इसमाने फिर्याद दिली, की रोखाच खोटा आहे. साक्षीदार कमालुद्दीनने शपथेवर सांगितलं, शिक्का माझा आहे पण मी उठवलेला नाही.

इथे जरा थांबतो. मेच्या सहा तारखेची अटक हेस्टिंग्जच्या सूचनेवरूनच झाली, असं म्हणायचा मोह होतो. पण कागद बघणारा माणूस म्हणून सांगतो, वाद जुना होता. नंदकुमारने पत्र देण्याच्या कितीतरी आधीपासून या रोख्यावरून तंटा चालला होता आणि अस्सल रोखा सुप्रीम कोर्टाआधीच्या मेयर्स कोर्टाच्या दप्तरात अडकला होता. तो बाहेर आल्याशिवाय फौजदारी उभी राहणार कशी? अस्सल कागद नाही म्हणून वर्षानुवर्षं कपाटात पडलेली प्रकरणं मी किती सांभाळली आहेत! तेव्हा फिर्याद खोटीच होती असं मी म्हणणार नाही. वेळ मात्र फार सोयीची होती.

खटला ८ जूनला सुरू झाला. कलकत्त्याचा जून, पावसाआधीचा. न्यायाधीश विलायती झग्यांत आणि केसांच्या टोपांत. दिवसातून तीन-चारदा उठून आतले कपडे बदलत, असं म्हणतात. ज्युरीचे बाराही जण गोऱ्यांच्या जमातीतले. साक्षी फारशी, बंगाली, हिंदुस्थानीत आणि त्यांचं इंग्रजी करायला दुभाषी. नंदकुमारच्या बाजूचे साक्षीदार थोडे नव्हते, पण इम्पीने ज्युरीला समजावताना सांगितलं ते साधारण असं : बचावाच्या साक्षी खऱ्या मानायच्या तर आरोपी सुटतो, आणि खोट्या ठरल्या तर त्यानेच त्याचं अपराधीपण दुणावतं. १६ जूनच्या पहाटे ज्युरीने निकाल दिला, दोषी. शिक्षा फाशी.

बनावट कागदाला फाशी? माझ्या नोकरीत कलम ४६७ ची प्रकरणं येत. जास्तीत जास्त जन्मठेप, आणि तीही कुणाला झालेली मी पाहिली नाही. पण इंग्लंडमध्ये १७२८ चा कायदा होता, त्यात अशा गुन्ह्याला फाशी. लंडनच्या पेढ्या आणि हुंड्या सांभाळायला केलेला कायदा. तो मुर्शिदाबादच्या रोख्याला लावला. चेंबर्सने सुचवून पाहिलं, की एलिझाबेथ राणीच्या वेळचा जुना कायदा लावू, त्यात देहान्त नाही. बाकीच्यांनी ऐकलं नाही.

“मग तुमचं काय म्हणणं? दोषी की निर्दोष?” हिने विचारलं. मी म्हटलं, नंदकुमारचं मला सांगता येणार नाही. इम्पीचं उद्या सांगतो.

संध्याकाळी फॅन्सी लेनचा बोर्ड दिसला. ‘फाँसी’चं साहेबी तोंडात ‘फॅन्सी’ झालं, असं म्हणतात. नंदकुमारला इथे लटकावलं असंही कुणी सांगतं, ते खरं नाही.

दुसरा दिवस, रविवार

ती खरी जागा दक्षिणेला, हेस्टिंग्ज नावाच्या भागात, जुन्या काळी कुली बाजार म्हणत तिथे, खिदिरपूरच्या अलीकडे. आज तिथून विद्यासागर सेतूचे रस्ते वळसे घेत वर चढतात. पुलाच्या पोटाखाली पोरं क्रिकेट खेळत होती. खूण, पाटी, चौथरा शोधत आम्ही अर्धा तास फिरलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मोडक्या हिंदीत विचारलं. त्यांनी हात गोल फिरवून सगळाच परिसर दाखवला आणि म्हणाले, “एई तो, शोब.” हेच, सगळं.

५ ऑगस्ट १७७५. सकाळची वेळ. शेरीफ होता मॅक्रेबी, फ्रान्सिसचा मेहुणा. त्याने त्या दिवसाचं वर्णन लिहून ठेवलंय, ते वाचून मला झोप लागली नव्हती. आदल्या संध्याकाळी तो भेटायला गेला तर म्हातारा शांत. उद्याची व्यवस्था विचारली, कौन्सिलच्या तिघांना नमस्कार सांगितला आणि पुन्हा हिशेबाचे कागद बघायला बसला. सकाळी पालखीतून आला. आपल्या देहाला ब्राह्मणांशिवाय कुणी शिवू नये, एवढी विनंती. हात बांधलेले, म्हणून खूण पायाने करायची ठरली. त्याने पाय हलवला. लोकांनी आक्रोश केला, कित्येक जण धावत जाऊन हुगळीत बुडी मारून शुद्ध झाले, असं सांगतात.

आता माझं म्हणणं. दोषी ठरवलं ज्युरीने. फाशी ठरवली कायद्याने. फिर्याद मोहनप्रसादची. इथपर्यंत इम्पीचे हात कसेबसे स्वच्छ दाखवता येतात, आणि त्याचे वकील दाखवत आलेत. पण १६ जून ते ५ ऑगस्ट हे सात आठवडे त्याचे होते. कोर्टाला मिळालेल्या सनदेत स्पष्ट अधिकार होता, की शिक्षेला स्थगिती द्यावी आणि राजाची मर्जी विचारावी. मुर्शिदाबादच्या नवाबाने स्थगितीसाठी लिहिलं. बचावाचा वकील फॅरर ज्युरीकडून शिफारस मिळते का बघायला गेला, फोरमनने झिडकारलं. बोटीने कागद विलायतेला जाऊन उत्तर यायला वर्ष लागलं असतं. लागू द्यायचं! ज्या माणसाने गव्हर्नर जनरलवर आरोप केलाय, जो गव्हर्नर जनरल आपला शाळासोबती आहे, त्या माणसाच्या फाशीला फक्त ‘थांबा’ म्हणायचं होतं. स्थगितीचा अर्ज एका ओळीत निकाली निघतो. मी रोजनाम्यात हजारदा लिहिलंय, ‘स्थगिती नामंजूर’. दोन शब्द. लिहिताना हात कधी थरथरला नाही, हे त्या पुलाखाली आठवलं आणि बरं वाटलं नाही.

ही म्हणाली, “आणि ते तिघे? त्याचे कैवारी?”

त्यांची गोष्ट तर आणखी वाईट. फाशीच्या आदल्या दिवशी नंदकुमारचा अर्ज क्लेव्हरिंगच्या हातात पडला होता. त्याने तो कौन्सिलपुढे आणला १४ ऑगस्टला. माणूस जाऊन नऊ दिवस झालेले. आणि न्यायाधीशांची त्यात बदनामी आहे म्हणून तो फाशी देणाऱ्या मांगाच्या हातून जाळावा, ही सूचना कुणाची? फ्रान्सिसची! हेस्टिंग्जचे शत्रू कौन्सिलात बहुमतात असताना नंदकुमार लटकला आणि एकानेही बोट उचललं नाही.

दुपारी प्रिन्सेप घाटावर भाँडातला, म्हणजे मातीच्या कपातला चहा घेतला. हिने दोन घेतले आणि भाँडं पिशवीत घातली, तुळशीला उपयोगी म्हणून.

तिथून अलीपूर. बेल्व्हेडिअर, आताचं राष्ट्रीय ग्रंथालय. बाहेरूनच बघितलं. याच परिसरात १७ ऑगस्ट १७८० रोजी हेस्टिंग्ज आणि फ्रान्सिस पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले, फ्रान्सिसला गोळी लागली, वाचला. भांडणाचं तात्कालिक कारण ठाऊक आहे? मराठ्यांशी चाललेलं युद्ध! त्या मोहिमांना विरोध करणार नाही असं फ्रान्सिसने कबूल केलं होतं आणि मग शब्द फिरवला, असा हेस्टिंग्जचा आरोप. दोनच आठवड्यांपूर्वी इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता. आपण शाळेत सुरतेचा तह, पुरंदरचा तह, वडगाव अशी सनावळी पाठ करतो, त्या सनावळीचं दुसरं टोक हे असं कलकत्त्यात आहे. रघुनाथरावाशी मुंबईच्या इंग्रजांनी परस्पर केलेला सुरतेचा तह मार्च १७७५ चा, नंदकुमारचं पत्र आलं तोच महिना. तो तह धुडकावून पुरंदरला वकील पाठवणारं कौन्सिल हेच. तेच पाच जण, तेच टेबल.

तिसरा दिवस, सोमवार

हिचा दिवस. पार्क स्ट्रीट.

या रस्त्याला पूर्वी बेरिअल ग्राउंड रोड म्हणत, कारण तो कबरस्तानाकडे जायचा. पुढे ‘पार्क’ आलं ते इम्पीच्या हरणांच्या बागेवरून. मिडलटन रोवर आज लोरेटो हाउस ही मुलींची शाळा आहे, तिथे इम्पीचा वाडा होता आणि त्याच्याभोवती ही बाग. म्हणजे कोलकात्याच्या सगळ्यात झगमगीत रस्त्याच्या नावात मुख्य न्यायाधीश लपलाय, पण हरणांच्या आडून. शाळा सुटायची वेळ होती. फाटकापाशी आयांची गर्दी, चुरमुऱ्यांचा झालमुडीवाला. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभं राहून झालमुडी खाल्ली. मोहरीचं तेल नाकात गेलं.

या वाड्यातली मोठी व्यक्ती माझ्या मते इम्पी नव्हेच, त्याची बायको. लेडी मेरी. पोरं विलायतेत ठेवून नवऱ्याबरोबर आली आणि इथे आणखी झाली. आवारात तिने प्राणी-पक्षी पाळले. आणि १७७७ पासून पाटण्याच्या शेख झैनुद्दीनला, पुढे भवानी दास आणि राम दास यांना कामाला लावून त्यांची चित्रं काढून घेतली. तीनशेच्या वर चित्रं. विलायती व्हॉटमन कागद, मोगली हात. चित्राच्या कोपऱ्यात फारशीत चित्रकाराचं नाव. पिसातला एकेक धागा, नखावरची एकेक रेघ. हिने आदल्या रात्री फोनवर एक वटवाघूळ मोठं करून दाखवलं, त्याच्या पंखातून उजेड आरपार येतोय असं वाटतं.

मोनाल जिवंत विलायतेला न्यायचा पहिला प्रयत्न तिचाच. पक्षी वाटेत मेले. पण पुढे लॅथम नावाच्या पक्षितज्ज्ञाने त्याला नाव दिलं ते तिच्या मानासाठी. इम्पेजानस म्हणजे लेडी इम्पीचा. न्यायाधीशाचा त्यात आडनावापुरता संबंध.

“बघा,” ही म्हणाली. गेले आठ महिने मी ‘माझ्या न्यायाधीशाच्या नावाचा पक्षी’ म्हणून सगळ्यांना सांगत होतो.

झोफानी नावाच्या चित्रकाराने या कुटुंबाचं एक चित्र काढलंय, आज ते माद्रिदच्या संग्रहालयात आहे. घराच्या सज्जात देशी वादक बसलेत आणि इम्पीची छोटी मुलगी देशी पोशाखात नाचतेय. इम्पी पोट सुटलेला, हसरा, हात उंचावून ठेका धरतोय. नंदकुमारला फाशी देऊन आठेक वर्षं झालेली. हे चित्र पाहिल्यापासून माझा जास्तच गोंधळ झाला. खलनायक असा घरात ताल धरताना दिसला, की फार पंचाईत होते.

रस्त्याच्या पूर्वेच्या टोकाला साउथ पार्क स्ट्रीट कबरस्तान. १७६७ चं. आत शिरलो आणि गावातून एकदम रानात आल्यासारखं झालं. शेवाळलेले मनोरे, छत्र्या, खांब, वर वडा-पिंपळांची दाटी. हिला तिथे तांबट दिसला, सुतार दिसला, घार दिसली. मला दिसले ते इम्पीच्या गोष्टीतले लोक. मॉन्सन इथे, १७७६ मध्येच गेला. त्याच्या मरणाने हेस्टिंग्जला कौन्सिलात निर्णायक मत मिळालं. पुढच्या वर्षी क्लेव्हरिंग, तोही इथेच. न्यायाधीश सर विल्यम जोन्सचा उंचच उंच सुळका सगळ्यांच्या वर. जोन्स इम्पीच्या जाण्याच्या सुमारास आला, १७८४ च्या जानेवारीत त्याने सुप्रीम कोर्टाच्याच ग्रँड ज्युरी दालनात एशियाटिक सोसायटी काढली, शाकुंतल इंग्रजीत नेलं आणि नाव कमावून गेला. त्याच खुर्च्यांवरचा माणूस, पण नशीब बघा.

हाइडबद्दल मला वेगळीच आपुलकी आहे. हा माणूस कोर्टात रोज टिपणं काढायचा. सत्तरच्या वर वह्या, काही मजकूर स्वतःच्या लघुलिपीत, जी नंतर अभ्यासकांना फोडून वाचावी लागली. त्या वह्या व्हिक्टोरिया मेमोरियलकडे आहेत. न्यायाधीश झाला नसता तर उत्तम बेंच क्लार्क झाला असता. ग्रँड विरुद्ध फ्रान्सिस या खटल्यातला त्याचा किस्सा गाजलेला आहे. १७७८ च्या डिसेंबरात फ्रान्सिस शिडी लावून ग्रँड नावाच्या माणसाच्या घरात त्याच्या बायकोकडे गेला आणि सापडला. इम्पीने ५० हजार रुपये नुकसानभरपाई ठोकली, तेव्हा शेजारून हाइड ओरडला, “सिक्का, इम्पीभाऊ, सिक्का रुपये!” सिक्का रुपयाला भाव जास्त, म्हणून. फ्रान्सिसने हा निकाल जन्मभर मनात ठेवला. आणि त्या मादाम ग्रँड? पुढे फ्रान्सचा मुत्सद्दी तालेरां याची बायको झाल्या.

इम्पी स्वतः या कबरस्तानात नाही. १७८२ मध्ये पार्लमेंटने त्याला परत बोलावण्याचा ठराव केला, १७८३ च्या अखेरीस तो निघाला. १७८७ च्या डिसेंबरात गिल्बर्ट एलियटने महाभियोगाचा प्रस्ताव मांडला, पहिलाच आरोप नंदकुमारचा. १७८८ च्या फेब्रुवारीत इम्पी कॉमन्सपुढे उभा राहिला आणि स्वतःच बोलला. हुकमाचं पान कोणतं काढलं? तोच जाळलेला अर्ज. त्याची प्रत हेस्टिंग्जने त्याला दिली होती. त्याने विचारलं, अर्ज जाळायला लावणारा फ्रान्सिस आज मला खुनी कोणत्या तोंडाने म्हणतो? ९ मे रोजी मतं पडली. ५५ विरुद्ध ७३, प्रस्ताव फेटाळला. हेस्टिंग्जसारखी महाभियोगाची सात वर्षांची परवड त्याच्या वाट्याला आली नाही. मग खासदार झाला आणि १८०९ मध्ये ससेक्समध्ये वारला. मेकॉलेने मात्र १८४१ मध्ये त्याची अशी काही चिरफाड केली, की तोच इम्पी लोकांच्या डोक्यात राहिला. पुढे एक इंग्रज कायदेपंडित त्याच्या बचावाला आला, तर लगेच दुसऱ्या इंग्रजाने त्या बचावाचा बचाव राहू दिला नाही. अपिलावर अपील.

चौथा दिवस, मंगळवार

शनिवारी डलहौसीला गेलो तेव्हाच हायकोर्ट बघून घेऊ असं ठरवलं होतं. शनिवारी कोर्ट बंद असतं हे मला, आयुष्य कोर्टात घालवलेल्या माणसाला, फाटकाशी गेल्यावर आठवलं. हिने तो विषय चार दिवस पुरवला. म्हणून आज मुद्दाम कामाच्या दिवशी.

इमारत १८७२ ची, वॉल्टर ग्रॅनव्हिलची, बेल्जियममधल्या ईप्र गावच्या कापडबाजाराच्या नमुन्यावर. लाल विटा, टोकदार कमानी, मधोमध उंच मनोरा. पण मला खरं घरी आल्यासारखं वाटलं ते रस्त्यावर. काळे कोट, फायलींचे गठ्ठे, टाइपरायटरवाले, ‘एफिडेव्हिट’च्या पाट्या, वकिलाची वाट बघत ताटकळलेली खेड्यातली माणसं. भाषा फक्त वेगळी. आत इम्पीचं तैलचित्र आहे, ते बघायला परवानगी काढावी असं मनात होतं. पायऱ्यांशी गेलो आणि थबकलो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. एकतीस वर्षं रोज चढलो, आता कशाला?

समोरच्या टपरीवर बसून हिला काशिजोडा सांगितला. मिदनापूरकडच्या काशिजोड्याच्या राजावर सुप्रीम कोर्टाने वॉरंट काढलं. कौन्सिल म्हणे, जमीनदार तुमच्या हद्दीत येत नाही. शेरीफची माणसं राजाच्या घरात घुसली, देव्हाऱ्यापर्यंत गेली. तर हेस्टिंग्जच्या कौन्सिलने फौज पाठवून कोर्टाची माणसंच पकडून आणली. आमच्या बेलिफांना लोकांनी कुत्री सोडलेली ऐकलीत, पलटण नाही. म्हणजे इम्पी सरसकट हेस्टिंग्जच्या खिशात होता असंही नाही. या रस्सीखेचीतून १७८१ चा कायदा झाला आणि कोर्टाचे पंख कापले.

पण त्याआधीच हेस्टिंग्जने तोडगा काढला होता. १७८० च्या ऑक्टोबरात इम्पीला कंपनीच्या सदर दिवाणी अदालतीचं, म्हणजे वरिष्ठ दिवाणी कोर्टाचं, प्रमुखपद दिलं, महिना पाच हजार रुपये वेगळे. राजाचा न्यायाधीश कंपनीचाही पगारी! विलायतेहून परत बोलावणं आलं ते प्रामुख्याने यावरून. गंमत अशी, की त्या खुर्चीत बसून त्याने केलेलं काम चांगलं होतं. मुफस्सल, म्हणजे शहराबाहेरच्या, दिवाणी अदालतींसाठी ९५ कलमांची नियमावली लिहिली. दावा कसा दाखल करायचा, समन्स, साक्ष, हुकूमनामा, सगळं एका जागी. १७८५ मध्ये तिचं बंगाली भाषांतर छापून निघालं, भाषांतरकार जोनाथन डंकन. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पुरला आहे. एका कामानिमित्त मुंबईत गेलो असता त्याचं स्मारक मी पाहिलं होतं, तेव्हा त्याने काय भाषांतरित केलंय याचा पत्ता नव्हता. आम्ही लोक दिवाणीचे ज्या वाटेने अर्ज घेत आलो, त्या वाटेवरचा एक दगड या फाशीवाल्याने बसवलाय.

दुपारनंतर सेंट जॉन्स चर्च. झोफानीचं ‘शेवटचं भोजन’ तिथे आहे. इम्पी गेल्यानंतर बांधलेलं चर्च, म्हणून मला त्यात रस नव्हता. चांदपाल घाट मात्र शोधला. १७७४ च्या ऑक्टोबरात न्यायाधीश इथे उतरले. काठावरच्या अनवाणी माणसांकडे बघून इम्पी सोबत्याला म्हणाला म्हणे, सहा महिन्यांत यांच्या पायांत बूट-मोजे दिसतील! किस्सा खरा-खोटा देव जाणे. घाटावर आज फेरीबोट लागते, आणि उतरणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या पायांत रबरी चपला होत्या.

पाचवा दिवस, बुधवार

शेवटची सकाळ बागबाजारला. श्यामबाजारला मेट्रोतून उतरून विचारत विचारत मराठा डिच लेन गाठली. अरुंद बोळ, लोखंडी गजांच्या खिडक्या, वाळत घातलेल्या साड्या. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात शिरले तेव्हा त्यांच्या भीतीने कलकत्तेकरांनी हा खंदक खणायला घेतला. अर्धवटच राहिला. मराठे तिथवर आलेच नाहीत. पुढे इम्पीच्या कोर्टाची शहरापुरती हद्द ठरवताना पूर्वेला हाच खंदक धरला गेला, आणि १७९९ मध्ये तो बुजवून वर सर्क्युलर रोड काढला. आपल्या भीतीने खणलेल्या चराच्या आत विलायती कायदा, बाहेर नवाबी!

बोळाच्या तोंडाशी एक आजी मोरी धूत होत्या. “कोथा थेके?” म्हाराष्ट्रो म्हटल्यावर त्यांनी झाडू खाली ठेवला आणि नातवाला हाक मारून काहीतरी सांगितलं. त्यात एक शब्द आम्हाला कळला, ‘बोर्गी’. नातू दारामागे पळाला. आजी पोट धरून हसल्या. बारगिरांच्या धाकाने पोरं झोपवायची अंगाई बंगालात अजून म्हणतात, हे वाचलं होतं. धाक अजून चालतो हे पाहिलं.

संध्याकाळी हावड्याहून गाडी सुटली. नोलेन गुडाच्या संदेशाचा डबा खरगपूर यायच्या आत अर्धा झाला. हिने पक्ष्यांची वही काढली, मे महिन्याचं पान उघडलं. मोनालच्या नोंदीपुढे माझ्या सांगण्यावरून तिने तेव्हा लिहिलं होतं, ‘नाव : सर ई. इम्पी, मुख्य न्यायाधीश’. त्यावर तिने पट्टी लावून रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मेरी’. मग क्षणभर थांबून माझ्याकडे वही सरकवली. “दुरुस्ती केलीय. सही करा शेजारी, तुमच्या कोर्टात करतात तशी.”

मी आद्याक्षरं घातली आणि तारीख टाकली.